एकोणीस किलो दोनशे

"काटा थांबू द्या," असं म्हणून आमच्या कारखान्यातले मामा उजवा हात वर करायचे आणि डावा डोळा मिटायचे. तुम्ही काहीही विचारलेलं असो. चहा घेता का, पिंगळीची गाडी गेली का, नातीचं लग्न ठरलं का. काट्यावर वजन असेल तर उत्तर नंतर.

मला त्यांचा राग यायचा, कारण मी घाईत होतो. माझे वडील पूर्णा स्टेशनच्या मालधक्क्यावर पोती उतरवायचे. वॅगन आली नाही की आई शेजारणीकडून पीठ मागून आणायची. वजन उचलायची ताकद आमच्या घरात पिढीजात होती. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, एवढंच. त्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी लागली ती परभणीत, जिमचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात.

तिथं बेंच लाल, रॅक हिरवा आणि डंबेलला उरलेला रंग, अशी पद्धत होती. मालक म्हणाले, "आपल्या मालाला एक चेहरा पायजे. कुठंबी दिसला की कळावं, आपलाय. सहा महिन्यांत करून दाखव, न्हाई तर दुसरीकडं बघ."

मी सगळा माल काळा केला. त्यावर पिवळं नाव, एकाच वळणाच्या अक्षरांत, एकाच जागी. प्लेटा फाउंड्रीतून कोऱ्या यायच्या. त्यांच्यासाठी गोल स्टिकर छापून घेतले. वीसच्या प्लेटवर वीस, दहाच्या प्लेटवर दहा. इतकं सारखं काम त्या शेडमध्ये आधी कधी झालं नव्हतं.

मामा माल वजन करून टेम्पोत चढवायचे. आधी ते मोंढ्यात धान्याच्या तोलाईला होते. तिथं इलेक्ट्रॉनिक काटे आले, मामा इकडं आले. येताना आपला जुना तबकडीचा काटा घेऊन आले. मला ते 'ग्रॅज्वेट' म्हणायचे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो टोमणा वाटला असता. त्यांच्या तोंडूनही टोमणाच होता.

पहिली मोठी ऑर्डर सोनपेठच्या नव्या जिमची होती. टेम्पो दारात उभा. मी फोटो काढायला गेलो, तर माझ्या स्टिकरांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडे रंगवलेले. १९ किलो २००. २० किलो ७००. १९ किलो ४००. बत्तीसच्या बत्तीस प्लेटांवर.

"मामा, हे काय केलंत?"

"वजन लिवलं."

"पण वर वीस लिहिलंय ना!"

"ते तुमी लिवलंय."

मी मालकांना बोलावलं. मालक म्हणाले, "आवो मामा, लोखंड हाय. थोडं इकडंतिकडं व्हायचंच."

"व्हऊ द्या की. पर एका बाजूला ही आन् दुसऱ्या बाजूला ती लावली, तर गडी तिरका व्हईल."

"काय तिरकं होत नाही," असं मी म्हणालो. मग दांडीला मामांनी दाखवलेल्या त्या दोन प्लेटा लावल्या आणि सगळ्यांसमोर डोक्यावर उचलली. हमालाचा पोरगा आहे, उचलली जाणारच. वर गेल्यावर दांडी डावीकडं कलली, तिच्यामागं मी कललो, आणि आमच्या मालाचा चेहरा ठरवणारा माणूस रंगाच्या डब्यांत जाऊन बसला.

कुणी हसलं नाही. मामांनी आधी डबे उचलले, मग मला. "लागलं का रं?" एवढंच विचारलं. त्या दिवशी ग्रॅज्वेट म्हणाले नाहीत.

मालक माझ्याकडं बघत होते. माल गेला असता तर माझी नोकरी पक्की होती. मी सोनपेठला फोन लावला. म्हणालो, प्लेटा वजनात बसत नाहीत, आठ दिवस लागतील, थांबायचं नसेल तर ऑर्डर रद्द करा. मग तो जिमवाला म्हणाला, "बरं. मग माझ्या जुन्या प्लेटा आणल्या तर त्याबी मोजून देताल का?"

आठ दिवस आम्ही जड प्लेटा लेथवर खरवडत होतो आणि हलक्यांच्या पाठीत शिसं भरत होतो. मामा "अजून वाईच," एवढंच म्हणायचे. जिमवाला जुन्या प्लेटा घेऊन खरंच आला. त्याच्यामागून दुसरे आले. लोक दुसऱ्यांचा माल आमच्या काट्यावर मोजायचे आणि जाताना आमचा घेऊन जायचे. माझ्या काळ्या-पिवळ्याचं कौतुक कुणी केलं नाही. पण सहा महिने उलटले तरी मालकांनी मला दुसरीकडं बघ म्हटलं नाही.

तुम्हीही असे म्हातारे पाहिले असतील. ते आपल्याला काही शिकवत नाहीत, फक्त आपलं काम अडवून धरतात.

मागच्या वर्षी एका सकाळी मामांनी मला काट्याजवळ बोलावलं. "किती हाय बघ."

"वीस."

"मला दोन काटे दिसायलेत. तोलणाऱ्याला दोन काटे दिसाया लागल्यावर त्यानं घरी बसावं." हात पुसले आणि दुपारच्या गाडीनं आपल्या गावी, पिंगळीला गेले. काटा नेला नाही. दिवाळीच्या आधी वारले.

आता आमचा माल आठ जिल्ह्यांत जातो. त्यावर वीस लिहिलेलं असतं, आणि तो वीस भरतो.