पहिला पर्याय

लातूरच्या एका आयटीआयमध्ये मी शिवणकाम शिकवते. जर्मनीतल्या एका जुन्या शाळेचं प्रदर्शन नांदेडच्या संग्रहालयात लागलंय, मुलींना दाखवून आणा, असं पत्र आलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. घरं, खुर्च्या, दिवे, कापड, सगळंच नव्या पद्धतीनं करायला शिकवणारी शंभर वर्षांपूर्वीची शाळा. आमच्या बाह्या-कॉलरशी तिचा काय संबंध? पण पत्र आलं की जावं लागतं. माझा वर्ग घेऊन मी एसटीत बसले.

पहिल्या दालनात वाकवलेल्या पायपाची खुर्ची होती. तिला मागचे पायच नव्हते. मुली तिच्याभोवती फिरून फिरून ते शोधत होत्या. पुढे घरांचे फोटो होते, पांढरी, चौकोनी, सपाट छपरांची घरं.

"मॅडम, हे तं आमचं धाब्याचं घर हाय. निस्ता चुना मारलाय," हदगावची एक मुलगी म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. पहारेकऱ्यानं डोळे वटारले.

तिसऱ्या दालनात कापड होतं. "आता आपलं आलं," म्हणत मी पुढे झाले. भिंतभर विणलेले गालिचे, लाल, काळ्या, पिवळ्या चौकटींचे. सवयीनं मी वाकून किनार बघितली. नाव ठेवायला जागा नव्हती. मग शेजारचा फलक वाचला.

शाळा उघडताना तिथल्या मोठ्या लोकांनी जाहीर केलं होतं की इथं बाई-पुरुष भेद नाही. मुली भराभर आल्या. कुणाला घरं बांधायची होती, कुणाला लाकूडकाम करायचं होतं. मग त्याच मोठ्या लोकांनी ठरवलं की बायकांना शक्यतो हातमागावर पाठवावं. हे गालिचे त्यांतल्या काहींचे होते.

कुणीतरी कानशिलात वाजवावी तसं झालं मला. फलक मी पुन्हा वाचला.

दहावीनंतर मीही याच नांदेडात बाबांबरोबर आयटीआयचा फॉर्म भरायला आले होते. मला आरेखक व्हायचं होतं, घरांचे नकाशे काढायचे होते. टेबलामागचे सर बाबांना म्हणाले, "पोरीला नकाशे काढून काय करायचं? शिवण शिकली तं घरी बसून दोन ब्लाउज शिवील." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय बाई, टाकू ना?" मी म्हणाले, "तुम्हाला बरं वाटल ते टाका, सर."

ही गोष्ट मी नवऱ्याला इतक्यांदा ऐकवली आहे की ती निघाली की तो चप्पल घालून बाहेर जातो. आपला भाग मागास, म्हणून माझ्या वाट्याला हे आलं, असं मी धरून चालले होते. तेवढाच एक आधार होता. आणि दोन पायांवर खुर्ची उभी करणाऱ्या त्या हुशार लोकांनीही हेच केलं होतं. मला त्यांचा सरांपेक्षाही जास्त राग आला.

मी बाकावर बसले, आणि बसल्याजागी मला मुरुडची एक मुलगी आठवली.

आठच दिवसांपूर्वी ती वडिलांबरोबर माझ्या टेबलाशी आली होती. बाईमाणूस म्हणून मुलींचे आईवडील माझ्याकडेच येतात आणि फॉर्म मीच कॉम्प्युटरवर भरून देते. नाव, गाव, मार्क, आणि पहिला पर्याय शिवणकाम. विचारत नाही, हातच तसा चालतो. तिनं चार घड्या केलेला एक कागद उलगडून माझ्यापुढे ठेवला होता. आलेखाच्या कागदावर तिच्या घराचा नकाशा होता, आणि नसलेली न्हाणी तिनं त्यात काढली होती. "छान काढलंय गं," मी म्हणाले आणि वडिलांकडे वळले, "घरी बसून दोन ब्लाउज शिवील, दादा." हेच शब्द. मला कुणी शिकवले नव्हते, कुणी बोलायला सांगितले नव्हते. तिनं कागदाची घडी घातली आणि मी पुढचा फॉर्म घेतला होता.

फॉर्मवरचे पर्याय उद्या संध्याकाळपर्यंत बदलता येणार होते. संग्रहालयाच्या व्हरांड्यातून मी फोन लावला.

"फॉर्म तं तुम्हीच भरला की, मॅडम," वडील म्हणाले. "काही चुकलं का?"

"माझं चुकलं. पोरीकडं द्या."

ती फोनवर आली. पहिला पर्याय कोणता टाकायचा होता, मी विचारलं.

"तुम्हाला बरं वाटल ते टाका, मॅडम."

मुली मागे उभ्या आहेत हे कळत असूनही मला रडू आवरेना. "तो कागद घेऊन उद्या सकाळी ये," एवढंच कसंबसं म्हणाले.

सकाळी ती वडिलांबरोबर आली. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, माउस तिच्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिले. पहिला पर्याय तिनं आरेखक टाकला. दुसरा वायरमन, तिसरा इलेक्ट्रिशियन. शिवणकाम तिनं शेवटच्या रकान्यातही टाकलं नाही. वडील माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

कालच एवढं वाचून, एवढं रडून आले होते, तरी मला राग आला. "निदान शेवटी तरी टाक गं," असं अगदी ओठांवर आलं. मी तोंडावर पदर धरला आणि तिचं होईपर्यंत तसाच धरून ठेवला.