बांधावरचे तीन खड्डे

नव्या प्लॉटवर गेले की आमचे वॉचमन काका आधी चपला काढायचे. दोन्ही टाचा जमिनीत दाबून थोडा वेळ उभे राहायचे आणि म्हणायचे, "वरचं सोडा सायेब, खालचं बोला." खालचं काय बोलायचं हे मला ठाऊक नसे. मी नुकताच सिव्हिल इंजिनिअर झालो होतो, त्यामुळे आपल्याला सगळंच ठाऊक आहे असं मात्र वाटत असे.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. नायगाव पूर्वेला, जूचंद्रच्या बाजूला मिठागरं एकेक करून बंद पडत होती आणि तिथे चार-चार मजल्यांच्या इमारती उठत होत्या. काकांची उमेदीची सगळी वर्षं मिठागरात राबण्यात गेली. ते विकलं गेलं तेव्हा आमच्या बिल्डर शेठने त्यांना त्याच जमिनीवर वॉचमन ठेवलं. खाकी शर्ट दोन मापं मोठा, गळ्यात शिटी. ती वाजवलेली मी कधी ऐकली नाही.

तुमच्यापैकी कोणी त्या काळात तिकडे गेलं असेल तर डंपरची रांग पाहिली असेल. कामण-चिंचोटीकडचा डोंगर फोडून मुरूम आणायचा आणि खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, ओतायचा, दिवसभर हेच. काका खुर्चीवरून बघत बसत. एकदा म्हणाले, "डोंगर उचलून चिखलात बसवला, आता त्याच्या डोक्यावर मानसं बसवनार. डोंगराला इचारलं का कोनी?" पण बोलण्यात कडवटपणा नसे. त्यांचा धाकटा त्याच डंपरवर ड्रायव्हर म्हणून लागला होता आणि त्याचे पेढे त्यांनी मलाही दिले होते.

शेठच्या नव्या इमारतीसाठी जमिनीची चाचणी करायची होती. मी तीन खड्डे घेतले. तिन्हीत सात फुटांवर दगड लागला. मी खूश. सात फुटांवर पक्का थर आहे, साधा पाया चालेल, असा रिपोर्ट सही ठोकून शेठला देऊन टाकला. सोमवारी पायाची आखणी ठरली.

शनिवारी चहा पिताना काकांनी विचारलं, "सायेब, तिन्ही खड्डे एका रांगेत का खनले?"

"तिथं कोरडं होतं. मजूर चिखलात उतरायला तयार नव्हते."

"कोरडं होतं, कारन खाली आमचा बांध हाय. मिठागराचा. त्यो दगड मी बसवलाय."

मी कप ठेवून उठलो. काकांनी दहा पावलं बाजूला, चिखलात, चौथा खड्डा घ्यायला लावला. नऊ फुटांवर मुरूम संपला आणि काळा गाळ लागला. खाडीचा वास आला. काकांनी त्यात पहार नुसती उभी धरली आणि सोडली. ती आपल्या वजनाने जवळजवळ पूर्ण आत गेली.

मी घाबरलो होतो. माझ्या आधीच्या इंजिनिअरला शेठने याहून लहान चुकीसाठी घरी बसवलं होतं आणि गावी आईवडील माझ्या पगारावर होते. पण गप्प बसलो तर त्या गाळावर अठ्ठावीस बिऱ्हाडं झोपणार होती. शेठ आले. मी तोंड उघडायच्या आतच काका पुढे झाले. "सायेबांना शंका आली शेठ, म्हनून त्यांनी चौथा खड्डा घेतला. बांध त्यांनी वळखला." शेठ खर्चाच्या नावाने कुरकुरले, पण पाया खोल गेला. वर माझी पाठ थोपटली. आणि मी ती थोपटून घेतली.

नंतर काकांना विचारलं, असं का केलंत? म्हणाले, "वॉचमनचा पगार कोन वाढवनार? तुमाला पुढं जायचंय."

पुढची सहा वर्षं प्रत्येक नव्या जागेवर मी त्यांना आधी नेलं. कुठलं गवत खाऱ्यात उगवतं, भरती कुठवर चढते, शेताचं जुनं नाव म्हाताऱ्यांना का विचारायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. आज माझ्या सहीला जी काही किंमत आहे ती त्यांच्यामुळे आहे. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो, आणि मग पुण्याला नोकरी लागली.

ते गेल्याचं कळलं तेव्हा दोन महिने उलटले होते. जूचंद्रला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला आणि सुनेला सांगितलं, "हेच ते सायेब. बांध वळखनारे."

"काकू, बांध काकांनी ओळखला. मला काही कळलं नव्हतं. मी तर चुकीचा रिपोर्ट देऊन बसलो होतो."

काकूंनी पदराने हात पुसले.

"मला ठाव हाय. त्या बांधाचे दगड मीच डोक्यावरनं आनलेत. हे म्हनायचे, सायेब एक दिवस घरी येतील नि स्वताच्या तोंडानं सांगतील. तवर तू कोनाला बोलू नको."