नातीच्या मापाचा झगा

टोमॅटोच्या पानावर डाग दिसला की दे लीर गावातले काचघरवाले शेतकरी विलेकेला विचारत, पण तिच्या घरी जेवायला जायचं मात्र टाळत. जेवणाआधी ती पाहुण्यांपुढे साय काढलेल्या दुधाचं भांडं ठेवी. त्यात हात बुडवायचे असत. एका नव्या पाद्रीबाबांनी चमचा मागितला होता, ती गोष्ट गावानं अजून जपून ठेवली आहे.

विलेकेला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. ज्याच्या भीतीनं हे चाले, तो टोमॅटोचा विषाणू माणसाला साधी शिंकही आणत नाही. तो माणसाच्या हातावरून, बाहीवरून, सायकलच्या मुठीवरून फुकट प्रवास करतो, आणि एकदा काचघरात उतरला की ओळीच्या ओळी घेतो. पानं चट्टेरी होतात, फळं तपकिरी, सुरकुतलेली. औषध नाही. मग सगळं पीक उपटायचं आणि छताच्या तारासुद्धा घासायच्या. दुधानं मात्र त्याचा जोर जातो, म्हणून दूध. तिचं स्वतःचं काचघर घराला लागूनच होतं, त्यामुळे बाहेरचा टोमॅटो तर तिच्या उंबऱ्याच्या आत यायचाच नाही, पिझ्झ्यावर बसूनसुद्धा नाही. नवऱ्याला, ब्रामला, पिझ्झ्याची फारच हुक्की आली तर तो रस्त्यावर गाडीत बसून खाई आणि नंतर गाडी धुवी.

मुलगा योस्त दुसऱ्याच्या काचघरात कामाला होता. हिवाळ्यात तिथं नेमका तो विषाणू सापडला, आणि त्या दिवसापासून विलेकेनं पोटच्या पोराला दाराबाहेर ठेवलं. तो फोनवर बोलला तरी नंतर ती फोन पुसून घेई. आवाजातून काही येत नाही हे तिला कळत होतं, पण पुसल्यावर झोप लागे.

अशात योस्तला मुलगी झाली, मिर्ते. आजीनं नात पाहिली ती फोनच्या पडद्यावर. बाळाच्या घरी जाऊन, रस्कवर लोणी आणि गुलाबी साखरेची बडीशेप खायची, बाळाला मांडीवर घ्यायचं, अशी तिथली रीत. विलेकेनं रस्क घरीच केले. ती आणि ब्राम समोरासमोर बसून ते खात राहिले. बडीशेप टेबलावरून गडगडत होती आणि कुणी वेचत नव्हतं.

शेवटी तिनं मार्ग काढला. योस्तच्या घरी जायचं म्हणजे वाघाच्या गुहेत जायचं, त्यापेक्षा त्यांनीच यावं. गॅरेजमध्ये कपडे उतरवायचे, तिथंच अंघोळ करायची आणि काचघरातले पांढरे कागदी झगे घालायचे. अडचण एवढीच, की तान्ह्या बाळाच्या मापाचा झगा कुठल्याच दुकानात मिळत नव्हता. विलेकेनं मोठा झगा कापून छोटा शिवला, टोपीसकट, आणि बटाट्यांच्या पिशवीला घालून पाहिला. पिशवी गोड दिसली. विलेकेचे डोळे भरून आले.

रविवारी तिघं आली. योस्त लहानपणापासून या घरातला, तो मुकाट्यानं गॅरेजमध्ये गेला आणि पांढरा होऊन बाहेर आला. सून लॉबके दारातच थांबली. तिनं तो छोटा झगा उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, बाळाला आजीकडे आणलंय की फवारणीला?

विलेके म्हणाली, झगा राहू दे हवं तर, पण हात तेवढे बुडवू दे, दूध कोमट केलंय.

"आई, ही परवा-परवापर्यंत माझ्या पोटात होती," लॉबके म्हणाली. "तिथं टोमॅटो लावलेले नव्हते."

"पण नंतर हिला उचललं कुणी? यानंच ना? त्याच हातांनी?"

योस्तनं आपले हात मागे घेतले.

"मग तुम्ही हिला घेणार तरी कधी?" लॉबकेनं विचारलं. "पीक निघाल्यावर?"

विलेकेला खोटं बोलायची सवय नव्हती. तिनं खरंच मनात हंगाम मोजला.

"नोव्हेंबरात," ती म्हणाली.

लॉबकेनं बाळाचं दुपटं नीट केलं आणि ती गाडीकडे वळली. मग आतापर्यंत भिंतीला टेकून उभा असलेला ब्राम शांतपणे म्हणाला, "नोव्हेंबरात ती रांगत असेल. तेव्हा तू म्हणशील, जमिनीवरून आलीय, हात लावू नका."

विलेकेनं त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेच्या पाठीकडे. खांद्यावरून मिर्तेचं टकलं डोकं मागे डोलत होतं, आणि ते आता गाडीत जाणार होतं. विलेकेनं हातमोजे काढले. डोक्यावरची जाळी काढली. खिशातून काचघराची किल्ली काढून ब्रामच्या दिशेनं टाकली आणि चार पावलं मागे हो म्हणाली. हिला घेतलं की माझे हातही बाहेरचे, आजपासून आत तू जायचंस, मी नाही.

"मला कुठलं पान आजारी आणि कुठलं उपाशी, एवढंही कळत नाही."

"ठाऊक आहे."

ती गाडीपाशी गेली आणि नातीला जशी होती तशी, बिनझग्याची, बिनदुधाची, छातीशी घेतली. लॉबकेनं सासूच्या खांद्यावर लाळेसाठी एक फडकं टाकलं.

ब्राम किल्ली घेऊन तिथंच विचार करत उभा होता. "म्हणजे आता मी तुम्हा दोघींनाही हात लावायचा नाही?"

"नोव्हेंबरात," विलेके म्हणाली.

तेव्हापासून ब्राम योस्तच्या जुन्या खोलीत झोपतो आणि त्याचं ताट जिन्यावर ठेवलेलं असतं. लॉबके कामावर जाते त्या दिवशी मिर्ते आजीकडे असते. सकाळी ब्राम काचघराच्या आतून शंकास्पद पानं काचेला लावून दाखवतो आणि बाहेरून विलेके, नात कडेवर घेऊन, निकाल सांगते. परवा त्यानं एक पिवळं पान दाखवलं. खालचं आहे ना, तिनं ओरडून विचारलं, आणि शिरा हिरव्या आहेत ना? मग मॅग्नेशियम कमी पडलंय, घाल. त्यानं दुसरं पान लावलं. हे शेंड्याचं होतं आणि त्यावर काहीतरी चट्ट्यासारखं दिसत होतं. विलेके पुढे वाकली. तेवढ्यात मिर्तेनं तिचा चष्मा ओढून तोंडात घातला.

ब्रामनं काचेवर टकटक केलं.

"अरे थांब जरा," विलेके म्हणाली, "दात येतोय हिला."

ब्राम पान काचेला धरून उभाच राहिला.