मळकट हिरवा

शेवंता वासनिक रायपूरच्या एका शाळेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होती. सत्तावीस वर्षं तिनं परीक्षानळ्या धुतल्या, द्रावणं करून ठेवली. शिक्षण दहावीपर्यंतच. नवरा हिरालाल रेल्वेत. माहेर-सासर दोन्ही नागपूरकडचं, त्यामुळे बोली तिकडचीच, आणि आवाज खणखणीत.

निधी नावाची तरुण शिक्षिका नव्यानं आली आणि बारावीला पडद्यावर स्लाइड दाखवून शिकवू लागली. पोरं खूश. एके दिवशी फेरस, म्हणजे लोहाच्या क्षाराची चाचणी चालली होती. पडद्यावरच्या नळीत तळाशी बसलेला, पोपटासारखा हिरवागार साका. नळ्यांचा ट्रे घेऊन आलेली शेवंता दारातच थबकली.

"मॅडम, हे चुकीचं आहे. असा रंग येतच नाई."

निधीचे कान लाल झाले. तिला मराठी कळे, पण तोंडातून हिंदीच निघे. "दीदी, इंटरनेट से लिया है. किताब में भी हरा ही लिखा है."

"हिरवाच, पण मळकट. शेवाळावाणी. अन् ठेवला का वरून तपकिरी होते. पोट्टे परीक्षेत पोपटी शोधत बसतीन, मंग?"

निधी अख्खा वर्ग घेऊन प्रयोगशाळेत आली. शेवंतानं ताजं द्रावण करून दिलं, निधीनं त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब सोडले. साका मळकट हिरवा आला, आणि बघता बघता वरचा थर तपकिरी पडला.

"दीदी, आप सही थीं," निधी सगळ्यांसमोर म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत दोघी खऱ्या रंगांच्या स्लाइड करायला बसल्या. शेवंता खिडकीपाशी पांढऱ्या कागदासमोर नळी धरी, निधी मोबाइलवर फोटो काढी. एका नळीला एक फोटो, असा निधीचा हिशेब. शेवंता ऐकेना.

"घाई काहून करून राहिल्या? रंग बदलते तं तीन फोटो लागतीन. आत्ताचा, पाच मिनिटांचा, अन् पंधरा मिनिटांचा."

चाळीस स्लाइड झाल्या. पहिलीवर निधीनं दोघींची नावं घातली, शेवंताचं आधी.

जानेवारीत रायपुरातच शंकर नगरला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. स्लाइड दाखवायला निधीनं शेवंतालाच पुढे उभं केलं. एका सरांनी विचारलं, "आप कौन सी क्लास पढ़ाती हैं?"

"पढ़ाती नहीं, सर. लैब अटेंडेंट हूँ. रंग के बारे में पूछिए."

त्यांनी विचारलं. मग मागच्या रांगेतूनही हात वर झाले, आणि जेवणाची सुट्टी झाली तरी शेवंता बोलतच होती.