वाइनच्या तळघरात हात धुतले त्याची गोष्ट

आमच्या निरवांगीत ऊस सोडून दुसरं काही लावायचं म्हटलं की लोक आजारी माणसाकडं बघावं तसं बघतात. माझी सून सुरेखा वाइनची द्राक्षं लावायची म्हणून हटून बसली, आणि लेक दत्ता लावायची नाहीत म्हणून. रान माझ्या नावावर. मग दोघं एकदम शहाणी झाली. "आई, तुमी सोता बघा. तुमी म्हनाल तसं." चौथी शिकलेल्या बाईवर एवढा विश्वास! मला काय, वाइनरी बघायच्या निमित्तानं फिरायला मिळालं. नवं इरकल नेसले आणि गाडीत पुढं बसले.

गाळप हंगामात निघू नका, हे आधीच सांगते. लासुर्ण्यापर्यंत आम्ही उसाच्या एकाच ट्रॅक्टरमागं होतो. ट्रॉलीवरच्या कुत्र्याशी माझी चांगली ओळख झाली. बारामतीत मिसळ खाल्ली. तुम्हीही खाऊनच जा, तिकडं नखाएवढं चीज देतात आणि वर त्याचं कौतुक करायला लावतात.

वाइनरी बारामतीच्या पुढं, उघड्या माळावर. माणशी पाचशे रुपये, त्यात पाच घोट. दत्ता गाडी चालवणार म्हणून त्याला लिंबूपाणी. पायऱ्या उतरलं की खाली काळ्या खडकात कोरलेलं तळघर. शाल न्या, गारठा खरा आहे. लाकडी पिंपं ओळीनं निजवलेली, आवाज नाही, मिणमिणता उजेड. गाभाराच वाटला. मी चपला पायरीवर काढल्या.

"आजी, हा ज्वालामुखीचा खडक बरं का," तिथले साहेब भिंतीवर हात फिरवत म्हणाले.

मी डोळे मोठे केले. आमच्या विहिरीला सुरुंग लावला तेव्हा हाच खडक निघाला होता. तेव्हा आम्ही त्याला नुसत्या शिव्या दिल्या, तिकीट लावायचं सुचलं नाही.

मग टेबलाशी बसवलं. पुढ्यात पेला, पेल्यात बोटभर पांढरी वाइन, शेजारी चकचकीत तस्त. आमच्याकडं पाहुण्यापुढं तस्त आलं की हात धुवायचे. मी धुतले. पेला ओतून, चांगले मनगटापर्यंत. शेजारी पुण्याची एक बाई होती, तिला वाइनच्या वासात चेरी आणि चामडं सापडत होतं. तिनंही लगेच बोटं भिजवली आणि नवऱ्याला म्हणाली, "अरे, आधी हात शुद्ध करतात."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आजी, ते थुंकायला आहे."

"पैसं दिऊन थुकायचं?"

"म्हणजे चव घ्यायची, आणि..."

"तुमच्या आईनं तोंडातला घास थुकू दिला आसता का, साहेब?"

साहेबांनी पुढचा घोट ओतला. उरलेले चारही घोट मी लेकाकडं पाठ करून, पदराआड गिळले. एकाला उसाच्या भिजलेल्या पाचटाचा वास. शेवटच्याला पिकला पेरू कापल्यासारखा. तो आवडला. आता लपवून काय करू?

निघताना सुरेखानं विचारलं, "साहेब, ह्याला रान कसलं लागतं?"

"मुरमाड. भारी काळ्या जमिनीत वेल नुसता माजतो. पाणीही बेतानंच."

सुरेखानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. आमची वरची पट्टी! वाटणीत थोरल्या दिरांनी हसत हसत आमच्या गळ्यात मारलेली. तिथं ऊस कंबरेएवढा होतो आणि पिवळा पडतो, आणि दत्ता दरवर्षी तोच नव्या हौसेनं लावतो.

गाडीत बसल्या बसल्या दत्तानं विचारलं, "आई, मग काय ठरलं?"

"खालच्या रानात तुजा ऊस ऱ्हाऊ दे. वरची पट्टी सुरेखाची."

"दारूची द्राक्षं? लोक काय म्हनतील?"

"तुज्या कारखान्यात मळीची दारू करत न्हाईत, लोनचं घालत्यात व्हय?"

मागं सुरेखाला ठसका लागला. दत्तानं गाडीतली गाणी मोठ्यानं लावली, ती थेट घरापर्यंत. रस्ता फार छान गेला.

घरी हात दोनदा धुतले, तरी रात्री भाकरी थापताना वाइनचा वास येतच होता. त्याला आता आठ दिवस झाले. काल वरच्या पट्टीवर गेले, तर सुरेखा दोरी लावून रांगा आखत होती. दोरीचं दुसरं टोक धरून दत्ता उभा. तोंड अजून वाकडंच होतं. दोरी मात्र त्यानं सरळ धरली होती.