उत्तरेला ओढणारं पाणी

आमच्या खालापूरकडच्या गावात पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आगोट, सुक्या जवळ्याशिवाय पुरी होत नसे. लावणीच्या माणसांना भाकरीबरोबर जवळ्याचंच कालवण लागे. दर वैशाखात किनाऱ्यावरून एक कोळीण टोपली घेऊन यायची आणि पायलीला पायली तांदूळ न्यायची. आईचं तिच्याशी बहिणीसारखं होतं.

साठच्या दशकात एका वर्षी ती अर्धीच टोपली घेऊन आली. "पानी अजून उत्तरेलाच ओढतंय गं," ती आईला म्हणाली. "थंडी सरली की ते दक्षिणेला फिरतं, मग जवळा काठाला येतो. औंदा फिरलंच नाय."

मी तेव्हा विशीतला. आमच्या पाताळगंगेचं पाणी कधी उलटं गेलेलं पाहिलं नव्हतं. चार माणसांसमोर मी म्हणालो, "पाणी फिरतं काय कुठं? खोपोलीत भाव जास्त मिळाला म्हण ना, खोटारडे!"

होता तेवढा जवळा तिनं अंगणात ओतला आणि तांदूळ न घेता निघून गेली.

"तिचे तांदूळ तिच्या घरी पोचले पायजेत," आई एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन मी एस.टी.नं पेणवरून तिच्या गावी गेलो. मासळी वाळवायच्या खळ्यावर मूठभर जवळा पसरलेला होता. तिनं पोत्याला हात लावला नाही. "आधी पानी बघ. मग तांदळाचं."

तिच्या नवऱ्यानं मला होडीत घातलं. समुद्रात पार आत गेल्यावर, भरती-ओहोटीच्या मधल्या निवांत वेळी, त्यानं नारळाचं एक सोडण, वरचं सुकं साल, पाण्यात टाकलं. मी काठ धरून ओकत होतो.

"काय रं भातवाल्या, तुजी नदी बरी ना?" तो हसला. "फिरू का मागं?"

"नको. मला बघायचंय."

सोडण हळूहळू उत्तरेला जात राहिलं. दिसेनासं होईपर्यंत मी मान वळवली नाही.

खळ्यावर परतल्यावर मी तिच्या पाया पडलो. "मावशी, चुकलो."

तिनं तांदूळ मोजून घेतले, वरच्या दोन ओंजळी परत पोत्यात टाकल्या. "माजे हायत तेवढे घेतले. पन तुज्या दाराला आता मी पाय लावायची नाय."

तेव्हापासून दर वैशाखात तांदूळ मी नेतो. पाणी वेळेवर फिरलं तर टोपली भरून मिळते, नाही तर मिळेल तेवढं आणतो, तोंडातून शब्द काढत नाही. आई शेवटपर्यंत त्या दिवसांत पारावर जाऊन रस्ता बघायची. तेवढं मात्र मला भरून देता आलं नाही.

मावशी आता थकली आहे. "गाडी करतो, चल घरी," मी दर वेळी म्हणतो.

"नाय रं," ती म्हणते.

येत्या वैशाखातही मी विचारणार आहे.