पहिली पुकार

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाचं काही अडलं, की घरगुती प्रार्थनेत बोलायला मलाच उभं करायचे. नोकरी लागत नाही, मूल होत नाही, कोर्टाचा निकाल येत नाही. माझं उत्तर ठरलेलं. "प्रभूची वेळ चुकत नसते, भाऊ. धीर धरा." नांदेडातल्या कितीतरी घरांत चहा पीत पीत मी हे सांगितलंय. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

कारण माझ्या स्वतःच्या मुलीनं माझ्याकडं फक्त ईस्टरपर्यंतचा वेळ मागितला होता, आणि तेवढाही धीर मला निघाला नाही.

ती नर्स आहे. लातूरचं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, दारूचं नाव नाही. दोघं दोनदा भेटले, फोनवर बोलत होते. ती म्हणाली, "पप्पा, लेंटचे चाळीस दिवस मी यासाठी उपवास-प्रार्थना करणार आहे. ईस्टरला सांगते. तोवर विचारू नका." मी मान डोलावली. प्रार्थनेला नाही कसं म्हणणार?

मग लातूरहून मुलाच्या वडिलांचा फोन आला. त्यांना ईस्टरनंतरच्याच आठवड्यात लग्न हवं होतं, मुलाला पुढं सुट्टी नव्हती. झालं! माझं डोकंच फिरलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, दोघांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का, विचारतात. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. ईस्टरची वाट बघितली तर तीन रविवार बसतच नव्हते.

बायको म्हणाली, "नवरदेव शांत हाय, अन् सासराच गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय! लई घाई करून राहिलात. पोरीला विचारा तरी."

मी खेकसलो, "तुला काय कळतंय? एवढं चांगलं स्थळ देवानंच धाडलंय न्हवं?" माझ्या उतावळेपणालाही मी देवाचंच नाव दिलं, बघा.

पाळकसाहेबांनी पुकारीच्या अर्जावर मुलीची सही मागितली. मी मंडळीचा पंच. "आणून देतो की साहेब, घरचीच पोरगी हाय," म्हणालो. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

पहिल्या पुकारीच्या रविवारी मुलीची ड्यूटी होती, म्हणून मी निर्धास्त होतो. दुपारी तिला नीट समजावू, असं मनात होतं. पण उपासना अर्ध्यावर आली आणि ती येऊन बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसली. मला ती दिसली तोवर पाळक नावं वाचत होते. "या विवाहास कोणाची हरकत असल्यास आताच कळवावी."

इतकी वर्षं हे वाक्य ऐकतोय, कधी कुणी उठलं नव्हतं. ती उठली. आवाज चढवला नाही.

"माझी हरकत आहे. मला कुणी विचारलेलं नाही."

सगळे आधी तिच्याकडं वळले, मग माझ्याकडं. ज्यांना मी धीराचे डोस पाजले, ती माणसं तिथंच बसलेली. मी गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसलं. तेव्हासुद्धा मला तिचाच राग आला होता, हे सांगायलाही लाज वाटते.

संध्याकाळपर्यंत बातमी लातूरला पोचली. मी माफी मागायला गेलो. मुलाच्या वडिलांनी पाणी दिलं, बसा म्हणाले नाहीत. "भर चर्चमध्ये आमच्या पोराची इज्जत गेली. आता नको," एवढंच बोलले.

मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती.

"चुकलं गं माझं," मी म्हणालो. "तुला नको होतं तिथं ढकलत होतो."

"नको कोण म्हणालं, पप्पा?" तिनं वर बघितलं नाही. "माझं हो ठरलं होतं. त्या रविवारी ड्यूटी बदलून आले ती तुम्हाला तेच सांगायला. म्हटलं, ईस्टरपर्यंत पप्पाला कशाला ताटकळत ठेवायचं."